भंडारा जिल्हा: पाणी, जमीन, जंगल आणि धान याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भंडारा जिल्हा नेमका कुठे येतो? तालुके किती?

विदर्भाच्या पूर्वेकडे, नागपूर विभागात. नागपूरहून हायवेनं साठेक किलोमीटर, मुंबई-कोलकाता हायवे जिल्ह्याच्या मधून जातो आणि मुंबई-हावडा रेल्वेलाइन पण, पण स्टेशन भंडारा शहरात नाही, वरठीला आहे, त्याला भंडारा रोड म्हणतात. उत्तरेला मध्यप्रदेशचा बालाघाट, पूर्वेला गोंदिया, दक्षिणेला चंद्रपूर आणि गडचिरोली, पश्चिमेला नागपूर. तालुके सात: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. गोंदिया आधी याच जिल्ह्यात होता, १ मे १९९९ ला वेगळा झाला, म्हणून जुन्या पुस्तकात भंडारा जिल्ह्याची माहिती वाचली तर त्यात नवेगावबांध, आमगाव, देवरी सगळंच दिसते, गोंधळून जाऊ नका.

२०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख ३३४ होती, त्यातले साधारण ८० टक्के लोक खेड्यात. म्हणजे जिल्हा शेतीवरच चालतो, आणि शेती म्हणजे धान (भात).

इतका पाऊस पडतो तरी पाण्याची बोंब का असते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रातून किंवा मराठवाड्यातून कोणी आलं की. वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस होते, तिकडच्या माणसाला हा आकडा ऐकून हेवाच वाटतो. पण हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येते, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये धो धो, आणि मधेच पंधरा-वीस दिवस गायब. धानाला मात्र बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) पाणी उभं लागते. ज्वारी-तुरीला पंधरा दिवस पाणी नसलं तरी ते पीक तग धरते, धान नाही धरत.

दुसरं कारण खाली दगडात आहे. पश्चिम विदर्भात काळा बेसाल्ट आहे, आमच्याकडे बहुतेक जुना, कडक, स्फटिकी दगड, नाइस आणि शिस्ट जातीचा. तो पाणी फारसं मुरू देत नाही, जिथं भेगा असतील तिथंच विहिरीला झरा लागते. एका शेतात बोअरला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवर कोरडा बोअर, असं इथं होतच राहते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की भंडाऱ्याचा प्रश्न पाऊस कमी असण्याचा नाहीच, पडलेलं पाणी वर साठवून ठेवायचं आणि सगळ्यांना वेळेवर द्यायचं याचा आहे. आपल्या पूर्वजांना हे समजलं होतं, म्हणून तर इथं गावोगावी तलाव आहेत.

मामा तलाव, मामा तलाव म्हणतात ते काय?

मामा म्हणजे माजी मालगुजारी. इंग्रजांच्या काळात मध्यप्रांतात गावाचा सारा वसूल करणारा मालगुजार असायचा आणि गावचा तलाव त्याच्या नावावर असायचा. पण तलाव त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, गोंड राजांच्या काळापासून बांधत आले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन द्यायची अशी गोंड राजांची पद्धत होती असं सांगतात, त्यामुळे लोकांनी स्वतःच्या अंगमेहनतीनं तलाव काढले. यात कोहळी समाजाचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागते. जमिनीचा उतार कुठून कुठे जातो, पाळ (तलावाचा बांध) कुठे टाकायची, सांडवा कोणत्या बाजूनं काढायचा हे त्यांना नजरेनं समजायचं, आणि आज लेव्हल मशीन लावून पाहिलं तरी त्यांची जागा चुकलेली सहसा सापडत नाही.

बांधणी साधीच. दोन टेकड्यांच्या किंवा उंचवट्याच्या मधे मातीची पाळ, एका टोकाला जास्तीचं पाणी जायला सांडवा, पाळीत पाणी सोडायचं दार. खरी हुशारी तलावांच्या साखळीत आहे, वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या गावच्या तलावात, तिथून आणखी खाली, शेवटी नाल्यात आणि मग नदीत. म्हणजे एकच पाऊस तीन-चार गावांना कामी येते.

तुमसर तालुक्यातलं चांदपूर, साकोलीकडचं शिवनीबांध, पवनी गावातला बालसमुद्र हे मोठे म्हणून लोकांना माहीत आहेत, पण पाच-दहा शेतकऱ्यांची जमीन भिजवणारे छोटे तलाव शेकड्यांनी आहेत आणि खरा भार तेच उचलतात.

मग हे तलाव खराब कसे झाले?

मालगुजारी संपली. तेव्हा भंडारा मध्यप्रदेशात होता (१९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात), तिथं १९५० चा मालगुजारांचे मालकी हक्क संपवण्याचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये तलाव सरकारकडे गेले. जमीनदारी जाणं चांगलंच होतं, त्यात वाद नाही. पण तलावाला रोज पाहणारं माणूस त्याच्याबरोबर गेलं. आधी उन्हाळ्यात गाव जमायचं, गाळ काढून शेतात टाकायचं, पाळीवरची झुडपं तोडायचं, पाणी कोणाला आधी कोणाला नंतर हे ठरवायला गावचा माणूस नेमलेला असायचा. नंतर हे काम खात्याचं झालं, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारेकडे, आणि गावानं हात काढून घेतला.

मग जे व्हायचं ते झालं: तळ गाळानं वर आला, पाण्याखाली यायची ती काठावरची जमीन लोकांनी वाहायला घेतली, बेशरमाची झुडपं माजली, सांडव्याला तडे गेले. सर्वात वाईट म्हणजे पाणी यायचे नालेच अडवले गेले, वर रस्ता झाला, कुणी बांध टाकला, आणि तलावात पाणी येणंच बंद. असा तलाव कितीही खोल खणा, भरणार कुठून?

गाळ काढला की तलाव सुधारला, असं म्हणता येते का?

अर्धवट. जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार या योजनांमधून बरेच तलाव खणले गेले, आणि जिथं नीट काम झालं तिथं फरक दिसला पण. मात्र जेसीबी लावून सरसकट एकसारखं खोल खड्डा करणं म्हणजे तलाव सुधारणं नव्हे. तलावाला उथळ कड लागते. तिथं पाणवनस्पती उगवतात, मासे अंडी घालतात, बदकं आणि बगळे चरतात, पाणी उतरलं की गुरं चरतात. कड उभी कापली की हे सगळं जाते आणि माणसाला-गुराला उतरायला पण धोका होते.

शिवाय तळाला चिकट मातीचा थर असते, तोच पाणी धरून ठेवते. तो फोडून खालचा मुरूम उघडा पडला तर तलाव गळायला लागते. म्हणून गाळ काढायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि मासेमारी करणाऱ्या धिवर बांधवांना विचारा, तलावाच्या पोटात कुठे काय आहे ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसते.

बोडी आणि तलाव यात फरक काय?

बोडी छोटी आणि बहुतेक खाजगी, स्वतःच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात काढलेली. तलाव गावाचा, बोडी घरची. एक-दोन एकराला पाण्यानं दगा दिला तर बोडी वाचवते, आणि जवळ असल्यामुळे पाण्यासाठी कोणाच्या मागे लागायला नको. शेततळं आणि बोडी पण एक नाही, शेततळं खणून खाली असते, पाणी मोटरनं उपसावं लागते, बोडीचं पाणी उतारानं आपोआप बांधीत येते, विजेचा खर्च शून्य. ज्यांच्या शेतात जुनी बोडी बुजली आहे त्यांनी ती आधी उकरा, मग नवीन बोअरचा विचार करा, हे मी कोणालाही सांगेन.

वैनगंगेबद्दल सांगा. पूर का येते इतका?

वैनगंगा मध्यप्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ सातपुड्यात उगवते, तिथून बालाघाटकडून आपल्याकडे येते, तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी, लाखांदूर या भागातून खाली गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेवरून जाऊन वर्धा नदीला मिळते, पुढे दोघींची प्राणहिता होते आणि ती गोदावरीत. जिल्ह्यात तिला बावनथडी, सूर, चुलबंद आणि नागपूरकडून कन्हान येऊन मिळतात.

पुराचं कारण असं की नदीचं वरचं पाणलोट क्षेत्र मोठं आहे आणि ते दुसऱ्या राज्यात आहे. तिकडे जोराचा पाऊस झाला आणि तिथल्या संजय सरोवर धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी पाणी चढते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी असंच झालं, भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं, उभं धान झोपलं, घरं पडली. खालच्या गोसीखुर्द धरणाचं मागचं पाणी पण असते, म्हणजे वरून येणारं आणि खाली अडलेलं, दोन्हीच्या मधे गावं. दोन राज्यांच्या धरणवाल्यांनी एकमेकांना वेळेवर सांगणं ही इथं जीवनमरणाची गोष्ट आहे, त्याच्यात ढिलाई चालत नाही.

गोसीखुर्दचा जिल्ह्याला फायदा झाला का?

झाला, पण ज्याला झाला त्याला झाला आणि ज्याचं गेलं त्याचं गेलं. पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण आहे, २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, ३३ दरवाजे, साठवण क्षमता ११४६ दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टरच्या आसपास सिंचन करायचं असं ठरलं होतं. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. केंद्रानं राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला तरी नहरांची (कालव्यांची) कामं वर्षानुवर्षं रेंगाळली, डोळ्यासमोर भरलेलं धरण आणि शेतात पाणी नाही, असे दिवस खूप शेतकऱ्यांनी पाहिले.

ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांचं दुःख वेगळंच. काळीभोर नदीकाठची जमीन गेली आणि पुनर्वसनात प्लॉट मिळाला, पण धान पिकवणाऱ्या माणसानं प्लॉटमध्ये काय पिकवायचं? मोबदला, नोकरी, नागरी सुविधा यासाठी त्यांनी किती आंदोलनं केली याला गणती नाही.

अजून एक गोष्ट जी बाहेर फार बोलली जात नाही. नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी सांडपाणी घेऊन कन्हानमध्ये येते आणि कन्हान वैनगंगेत, म्हणजे शहराची घाण थेट या जलाशयात येऊन थांबते. आधी नदी वाहती होती तर पुढे जायची, आता साचते. जलपर्णी वाढली, मासे कमी झाले, नदीकाठच्या गावांना प्यायच्या पाण्याचा त्रास. नागपूरनं आपलं पाणी पूर्ण शुद्ध करूनच सोडलं पाहिजे, याशिवाय दुसरा उपाय नाही.

गोसीखुर्द सोडून दुसरी मोठी धरणं?

तुमसर-मोहाडीला बावनथडी प्रकल्प आहे, दोन राज्यांचा मिळून. लाखांदूरच्या काही भागाला गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणाचं पाणी येते. बाकी मध्यम आणि लघु प्रकल्प.

माती कशी आहे?

एकसारखी नाही, एकाच गावात तीन-चार जाती. जुनी माणसं नावानं सांगतात: कन्हार म्हणजे काळी, भारी, नदीकाठची, गहू-हरभऱ्याला उत्तम, मोरंड म्हणजे थोडी मिसळ, धान पण होते आणि नंतर रब्बी पण, सिहार पिवळसर, रेताड अंगाची, धानाला चांगली पण पाणी पाहिजे, खरडी आणि बरडी हलक्या, उंचावरच्या, दगडगोट्याच्या. सातबारावर हे नीट समजत नाही, शेतात उभं राहून ढेकूळ फोडून पाहावं लागते. हलक्या जमिनीत जस्त कमी पडते असा अनुभव आहे, धान रोवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पानं तांबूस पडली तर लगेच युरिया फेकू नका, आधी मातीचा रिपोर्ट पाहा.

सगळे धानच का लावतात? सोयाबीन-कापूस का नाही?

कारण बांधीत पाणी साचते. जुलै-ऑगस्टमध्ये सखल जमिनीत धानाशिवाय दुसरं काही जगतच नाही, कापसाची मुळं सडतात, सोयाबीन पिवळं पडते. उंच, निचऱ्याच्या जमिनीत लोक तूर लावतात, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पण लावतात, पवनीकडे काळ्या मातीत सोयाबीन दिसते. पण सखल बांधीवाल्या शेतकऱ्याला "पीक बदला" असं भाषणात सांगणं सोपं आहे, त्याच्या शेतात ऑगस्टमध्ये येऊन उभं राहून पाहावं. बदल करायचाच तर खरीप सोडून रब्बीत करावा, तिथं वाव आहे.

धानाचं वेळापत्रक कसं असते?

जूनमध्ये पाऊस लागला की परे (रोपवाटिका) टाकायचे. एका हेक्टरच्या रोवणीला दहा गुंठ्यांचे परे पुरतात. बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाका, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ, जे तरंगेल ते काढून फेका, बुडालेलं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा आणि मग बीजप्रक्रिया. गादीवाफ्यावर परे टाकले तर रोपं उपटायला सोपी जातात आणि मूळ तुटत नाही.

मग चिखलणी आणि रोवणी, जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. रोप २१ ते २५ दिवसांचं असावं, एका जागी दोन-तीन रोपं, उथळ रोवा. इथंच पाण्याचा खेळ होते. पावसानं ओढ दिली तर चिखलणी होत नाही, परे शेतात म्हातारे होतात, चाळीस दिवसांचं रोप रोवलं की फुटवे कमी आणि उतारा (उत्पादन) पण कमी. ज्याच्याजवळ बोडी किंवा तलावाचं पाणी आहे तो वेळेवर रोवते, बाकीचे आभाळाकडे पाहत राहतात. काही लोक रोवणी न करता थेट धान पेरतात, त्याला आवत्या म्हणतात, मजुरी वाचते पण निंदणाचा खर्च वाढते आणि गवत आवरलं नाही तर सगळं हातचं जाते.

दुसरी नाजूक वेळ लोंबी निघायची, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. तेव्हा एक पाणी चुकलं तर दाणा पोचट. तलावांचा खरा उपयोग याच एका पाण्यासाठी आहे, वर्षभराची मेहनत त्या एका पाण्यावर टिकते. म्हणून ऑगस्टमध्ये तलाव भरल्यावर घाई करून पाणी सोडू नका, ऑक्टोबरसाठी राखा.

कापणीच्या दहा दिवस आधी बांधीतलं पाणी काढायचं. कापल्यावर कडपा (कापून पसरलेलं धान) दोन-तीन दिवस शेतात वाळतात, मग बांधून पुंजणे (गंजी) घालायचे, मग चुरणी (मळणी). ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी आला की कडपा भिजतात, दाण्याला कोंब येतात, हे नुकसान सगळ्यात जास्त मनाला लागते कारण पीक हाताशी आलेलं असते. हार्वेस्टर आता खूप गावांत येते, काम एका दिवसात होते, पण तणस (धानाचा पेंढा) वाया जाते आणि जनावरांचा चारा विकत घ्यावा लागते, हे लक्षात ठेवा.

कोणतं वाण लावावं?

जमीन पाहून. उंच, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हलकं धान, ११० ते १२० दिवसांचं. मधल्या जमिनीत मध्यम. जिथं डिसेंबरपर्यंत ओल राहते अशा सखल बांधीत भारी, १४० दिवसांच्या वरचं. एमटीयू १०१० जाडं आणि भरवशाचं, हमीभावाला विकायला बरं. खाण्यासाठी आणि बाजारात चांगला भाव हवा असेल तर बारीक, पीकेव्ही एचएमटी किंवा जय श्रीराम. एचएमटी हे मूळ वाण शोधलं चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी, थोडीशी जमीन असलेला शेतकरी, आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी जपून वर्षानुवर्षं निवड करत गेले. २०१८ मध्ये ते गेले. देशभर लोक तो तांदूळ खातात, त्यांचं नाव प्रत्येक धानवाल्याला पाठ असायला पाहिजे.

साकोलीला कृषी विद्यापीठाचं धान संशोधन केंद्र आहे, बियाणं घ्यायच्या आधी तिथं विचारून घेतलं तर बरंच नुकसान टळते. सुवासिक चिन्नोर अजून काही लोक लावतात, उतारा कमी, झाड लोळते, पण शिजवलं की शेजारच्या घरी समजते.

कीड-रोग कोणते आणि काय करायचं?

पूर्व विदर्भात गादमाशी कायमची पाहुणी. तिच्यामुळे लोंबी निघण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी निघते, त्या फुटव्याला दाणा येत नाही. उपाय म्हणजे प्रतिकारक वाण आणि वेळेवर रोवणी, उशिरा रोवलेल्या धानावर जास्त येते. खोडकिडा गाभा मारते, नंतर आला तर पांढऱ्या पोकळ लोंब्या. रोवताना रोपाचे शेंडे खुडले तर त्याची अंडी तिथंच जातात, एवढं साधं काम आहे.

पण सगळ्यात जास्त भीती तुडतुड्याची. २०१७ मध्ये याच्यामुळे जिल्ह्यात हाहाकार झाला होता, कापायला आलेलं धान काही दिवसांत जळाल्यासारखं झालं, काही जणांनी शेतालाच आग लावली. तुडतुडा वर दिसत नाही, बुडाशी पाण्याच्या वर बसून रस शोषते. त्यामुळे सप्टेंबरनंतर दर तीन-चार दिवसांनी बांधीच्या मधे जाऊन बुडाशी पाहायचं, धुऱ्यावरून पाहून काही समजत नाही. दाट रोवणी, युरियाचा मारा आणि सतत उभं पाणी या तिन्ही गोष्टी त्याला आवडतात. म्हणून रोवताना दहा ओळींनंतर एक फुटाचा पट्टा सोडा, हवा खेळते आणि फवारणीला आत जाता येते. तुडतुडे दिसले की पाणी काढून टाका. कृषी केंद्रवाला देईल ते औषध डोळे मिटून घेऊ नका, काही कीटकनाशकांनी तुडतुड्याला खाणारे कोळी आणि ढेकूण मरतात आणि नंतर तुडतुडा दुप्पट येते.

उन्हाळी धान लावावं का?

नहराचं किंवा तलावाचं हक्काचं पाणी असेल तर लोक लावतात आणि उतारा खरीपापेक्षा चांगला येते, ऊन भरपूर आणि कीड कमी. पण बोअरच्या भरवशावर मे महिन्यात धान उभं करणं मला पटत नाही. तेव्हा पारा ४५ च्या आसपास असते, गावच्या विहिरी आटतात, आणि कडक दगडात साठलेलं थोडंसं पाणी एका शेतात जाते. तेवढ्या पाण्यात भाजीपाला, मूग, भुईमूग जास्त एकर होते. गावानं बसून ठरवावं, एकट्या शेतकऱ्यावर ढकलून चालत नाही.

धान विकायचं कुठे? हमीभाव किती?

पणन महासंघाची खरेदी केंद्रं असतात, आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळाची. २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आणि अ दर्जाचा २३८९. आधी ऑनलाइन नोंदणी, त्याला सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, बँक पासबुक. ई-पीक पाहणी राहिली तर केंद्रावर धान घेऊन उभं राहूनही उपयोग नाही, हे दरवर्षी कितीतरी लोकांचं होते. ओलावा १७ टक्क्यांच्या आत पाहिजे. २०२४-२५ च्या हंगामाला राज्यानं हेक्टरी २० हजार बोनस, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केला होता. बोनस दरवर्षी नव्यानं ठरते, तो धरून कर्ज काढू नका.

अडचण अशी की केंद्र उशिरा सुरू होते, बारदाना संपते, गोदाम भरते. शेतकऱ्याला दिवाळीला, मजुरीला पैसा लागते, मग तो हमीभावापेक्षा कमी भावात व्यापाऱ्याला देऊन मोकळा होते. हमीभाव कागदावर असून भागत नाही, केंद्र दिवाळीच्या आधी उघडलं पाहिजे. बारीक धानाला मात्र तुमसरच्या बाजारात भाव पाहून विकणं बरं पडते, तिथली बाजारपेठ तांदळासाठी जुनी आणि मोठी आहे.

लाखोळी खाणं धोक्याचं आहे का?

लाखोळी म्हणजे इथली जुनी डाळ. धान कापायच्या दोन-तीन आठवडे आधी उभ्या धानात, ओल्या बांधीतच बी फेकतात, याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही, उरलेल्या ओलीवर पीक येते आणि जमिनीला नत्र मिळते. कोवळ्या पाल्याची भाजी तर थंडीत घरोघरी.

तिच्यात एक विषारी घटक असते हे खरं आहे, दुष्काळात महिनोन्महिने फक्त लाखोळीच खाऊन राहिलेल्या लोकांना पायाचा लकवा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणूनच राज्यात तिच्या विक्रीवर बरीच वर्षं बंदी होती, नंतर ती उठवली. रोजच्या मिश्र जेवणात अधूनमधून खाल्ली, आणि गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, तर घटक बराच कमी होते. रतन, प्रतीक, महातेवडा या कमी विषाच्या जाती आहेत, बियाणं घेताना त्याच मागा.

जंगलातून लोकांना काय मिळते?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. पहाटे अंधारात बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, कारण ऊन चढलं की गुरं आणि अस्वलं पोचतात. फूल वाळवून ठेवतात, नंतर टोरी (मोहाच्या बिया) वेचून तेल काढतात. मे महिन्यात तेंदूपत्ता, विड्यांसाठी. शिवाय चारोळी, डिंक, मध, बांबू, आणि पावसाळ्यात रानभाज्या. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या घरी उन्हाळ्याचे दोन पैसे जंगलातूनच येतात.

ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा (रेशमाचे किडे) पाळतात, हे काम मुख्यतः धिवर समाजाकडे. आंधळगाव, मोहाडीकडे त्याचं कापड विणतात. अप्रतिम कापड असते.

वाघाची भीती किती?

कोका अभयारण्य (२०१३), उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा भाग, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग या जिल्ह्यात आहे, म्हणजे वाघ असणारच. जंगलाजवळ मोहफूल वेचायला एकट्यानं जाऊ नका, वाकून काम करणाऱ्या माणसावर हल्ला होण्याचा धोका जास्त. पण शेतकऱ्याचं रोजचं नुकसान वाघ नाही, रानडुक्कर करते. एका रात्रीत बांधी तुडवून जाते. भरपाईसाठी लगेच फोटो काढून वन विभागाकडे अर्ज टाका, उशीर झाला की पंचनामा अडते. तारेत वीज सोडणं मात्र अजिबात करू नका, त्यात वाघ पण मेले आहेत आणि माणसं पण.

तलावात मासे कोण धरते?

धिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव लीजवर घेतात, रोहू-कटला-मृगळची बोटुकली (माशांची पिल्लं) सोडतात. मरळ, मागूर, शिंगी हे गावठी मासे कमी होत चाललेत, चवीला आणि भावाला तेच वरचढ. शिंगाडा पण घेतात. तलावाच्या पाण्यावर शेतकरी आणि मासेमार दोघांचा हक्क आहे, सगळं पाणी उपसून तळ उघडा पाडला तर वर्षभराची मासोळी जाते, म्हणून थोडं पाणी तळाला राखायचं ही जुनी रीत होती, ती पाळली पाहिजे.

खनिजं कोणती आहेत?

मँगनीज. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथं मॉइल या सरकारी कंपनीच्या खाणी, डोंगरीची उघडी, चिखल्याची जमिनीखालची. पोलादाला मँगनीज लागतेच, शिवाय डोंगरीचं खनिज बॅटरीच्या कामाचं आहे. तुमसरहून तिरोडीकडे जी रेल्वेलाइन गेली आहे तिच्यावर मँगनीजचीच वाहतूक मोठी. याशिवाय भट्टीच्या विटांना लागणारं कायनाइट आणि सिलिमनाइट पण जिल्ह्यात सापडते.

आणि रेती?

वैनगंगेची रेती नागपूरच्या बांधकामाला जाते, मागणी प्रचंड, चोरी पण प्रचंड. नदीची रेती म्हणजे नदीचं पाणी साठवायचं भांडार आहे. ती उपसली की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते आणि पाणीपुरवठ्याच्या नळयोजना उघड्या पडतात. लिलाव झालेल्या घाटावर पण ठरलेल्या खोलीपेक्षा जास्त खणलं जाते का हे ग्रामसभेनं पाहायला पाहिजे.

इथं शेती घ्यायची असेल तर काय पाहावं?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागते, हे पहिले. जमीन भोगवटादार वर्ग दोनची (सरकारच्या अटींवर दिलेली) किंवा आदिवासी खातेदाराची असेल तर परवानगीशिवाय व्यवहार करू नका. उन्हाळ्यात जमीन पाहून भुलू नका, एकदा ऑगस्टमध्ये या आणि पाणी कुठून येते, कुठे साचते, कोणाच्या बांधीतून कोणाच्या बांधीत उतरते ते पाहा, कारण वरच्यानं धुरा फोडला तर तुमचं धान वाहून जाते आणि त्यानं अडवलं तर तुमचं सुकते.

गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तलाठ्याकडे किंवा तहसीलमध्ये मागून वाचा, तलावाच्या पाण्यावर, वाटेवर, चराईवर गावाचे कोणते जुने हक्क आहेत ते त्यात लिहिलेलं असते. तुमच्या जमिनीचा नंबर तलावाच्या लाभक्षेत्रात आहे का, त्या तलावाची पाणी वापर संस्था चालू आहे की नुसती नावाला, पाटचारी तुमच्या धुऱ्यापर्यंत पोचते की मधेच कोणाच्या शेतात बुजली आहे, एवढं शेजाऱ्याजवळ बसून विचारून घ्या आणि मगच बयाणा द्या.